अकरा जण

"शून्य," डॉ. काम्वेंडो म्हणाले आणि त्यांनी मंडासीचा, तळलेल्या गोड पिठाच्या गोळ्याचा, तुकडा चहात बुडवला. "खोटं कशाला सांगू?"

तियामिके उभीच राहिली. तिच्या हातात सहा अमेरिकी विद्यापीठांची यादी होती. संख्याशास्त्रातल्या पीएच.डी.साठी तिला सगळीकडे अर्ज करायचे होते. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते, आणि सरांच्या शिफारसपत्राशिवाय एकही अर्ज पुरा होणार नव्हता. झोंबा या आफ्रिकेतल्या शहरातल्या विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात सगळ्यांत ज्येष्ठ तेच होते.

"गणिती विश्लेषणाच्या पेपरात तुला चौसष्ट गुण," ते म्हणाले. "तिकडे जगभरची पोरं शंभरातले शंभर घेऊन येतात. आपलं विद्यापीठ तर त्यांना नकाशात शोधावं लागेल. मलेरियाच्या नोंदींवरचं तुझं काम चांगलं आहे, पण तेवढ्यावर कोण घेतं? इथेच शिकव. मान आहे, नोकरी आहे. उगाच तोंडघशी कशाला पडतेस?"

"सर, ही शून्य शक्यता कशावरून काढलीत?"

"एकोणीस वर्षांत इथून तिकडे एकालाही प्रवेश मिळालेला नाही."

"आणि अर्ज किती जणांनी केले?"

डॉ. काम्वेंडोंनी कप खाली ठेवला. वर्गात कुणी असा प्रश्न विचारला की ते खूश व्हायचे. आज झाले नाहीत.

"माझ्याकडे अकरा जण आले होते," ते म्हणाले. "अकराही हुशार. सगळ्यांना मी हेच सांगितलं. मग कुणीच अर्ज केला नाही."

तियामिकेने यादी त्यांच्यापुढे ठेवली.

"मग मी पहिली, सर. नकार आला तर निदान एक आकडा तरी मिळेल तुम्हाला."

त्या दुपारचा तास सरांनी घेतला नाही. दार लावून पत्र लिहीत बसले.

फेब्रुवारीपासून एकामागून एक पाच नकार आले. प्रत्येक नकार तियामिकेने स्वतः जाऊन सरांना सांगितला, ताठ मानेने. मार्चमध्ये सहावं उत्तर आलं. यादीतलं सगळ्यांत अवघड विद्यापीठ तिला पूर्ण शिष्यवृत्तीसह घ्यायला तयार होतं. तिच्या आईने बाजारात त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला माशाबरोबर ही बातमी फुकट दिली.

ऑगस्टमध्ये निरोप घ्यायला ती विभागात गेली, तेव्हा सर वर्गावर होते. त्यांच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. अक्षर त्यांचंच:

"परदेशी अर्जांसाठी शिफारसपत्र मिळेल. शक्यता किती, हे विचारू नये. मला ठाऊक नाही."