मुकी टेप

“पुन्हा मागं घ्या,” आबासाहेब म्हणाले.

लग्नाचे शूटिंग करणाऱ्या परभणीच्या माणसाने टेप चौथ्यांदा मागे घेतली. ताडकळसच्या शाळेच्या भिंतीवरची नामांतराची घोषणा चुन्याने अर्धीच पुसली होती. तिच्याखाली टीव्ही मांडला होता आणि मैदानावरची सगळी गर्दी त्याच्यापुढे बसली होती.

पडद्यावर, नुकत्याच झालेल्या कबड्डीच्या सामन्यात, रायभान चढाई करून परतत होता. लिंबाजीने त्याचा पाय धरला. दोघे धुळीत पडले. रायभान तसाच फरफटत पुढे सरकला आणि त्याची बोटे मध्यरेषेला लागली.

“लागली का न्हाई? अन् गुरुजी म्हणायलेत बाद!” कुणीतरी ओरडले.

“बोटं लागली, हे मीही पाहिलं,” पंच दत्तराव गुरुजी म्हणाले. “पण त्याआधी दम तुटला होता. ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत एका दमात रेषा गाठावी लागते. शब्द थांबला की गडी बाद. हे कानाचं काम आहे.”

“मग आवाज लावा की.”

“आवाज न्हाई,” शूटिंगवाला म्हणाला. “आमी वरून गाणी टाकतो. माईक जोडतच न्हाई.”

“ओठ बघा ना गुरुजी,” आबासाहेब हसले. रायभान त्यांचा पुतण्या. “रेषेपस्तोर हलायलेत. भजन म्हणायलाय का तो?”

लोक खिदळले. गुरुजींना किळस आली. तीस वर्षे शिट्टी फुंकल्यावर एका मुक्या खोक्याची साक्ष!

हा शेवटचा गुण होता. रायभान बाद असेल तर सामना लिंबाजीच्या नव्या वस्तीच्या संघाचा आणि जिल्ह्याच्या संघातली जागा त्याची. दिवसभर मजुरी करून दोन वर्षे तो त्यासाठीच घाम गाळत होता.

“त्यालाच विचारू,” गुरुजी म्हणाले. “सगळ्यात जवळ तो होता. लिंबाजी, शब्द तुटला होता ना?”

लिंबाजीने समोरच्या गर्दीवरून नजर फिरवली.

“न्हाई गुरुजी. कबड्डीच म्हणायलता.”

एकच जल्लोष झाला. गुरुजींनी निर्णय फिरवला.

“कान दाखवून या दवाखान्यात,” आबासाहेब जाता जाता म्हणाले.

गर्दी पांगल्यावर गुरुजींनी लिंबाजीला शाळेमागे गाठले.

“शी! लाज नाही वाटली? हातची जागा घालवलीस, वर मला खोटं पाडलंस. एवढा भ्यालास त्यांना?”

“भ्यालो न्हाई.”

“मग खरं सांग. शब्द तुटला होता?”

“तुटलता.”

“आणि ओठ हलत होते ते?”

लिंबाजीने गुडघ्याची धूळ झटकली.

“तुटला म्हणलं असतं, तर तुमी म्होरं हेच इचारलं असतं, गुरुजी. माझी माय तितंच बसलती. आमची जात काढून तिच्याबद्दल रायभान हळूच जे म्हणायलता, ते तिच्यापुढं माझ्या तोंडानं कसं सांगू?”