बंद घराची पोचपावती

माझे थोरले दीर बिरदेव बारा वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन गेले, ते परतलेच नाहीत. सामाईक जमीन विकायची तर नोटीस त्यांनाही हवी. मी मुद्दामच कोळवणच्या वरच्या आळीतल्या त्यांच्या बंद घरी रजिस्टर पत्र धाडलं. पाकीट परत आलं की वकिलांना पुरावा मिळणार होता.

चौथ्या दिवशी नवा पोस्टमन पाकिटाऐवजी पोचपावती घेऊन आला. तिच्यावर दिरांची सही होती.

"कुणी घेतलं, भाऊ?"

"पागोटंवाल्या आजोबांनी. सही केली अन् आतनं कडी लावली."

किल्ली तर माझ्या कमरेला होती. मी तडक वर गेले. दाराला बाहेरनं तेच गंजलेलं कुलूप होतं. उंबऱ्यावरच्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मी घरी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, म्हणून मी आतनं कडी काढली. दारात पोस्टमन होता.

"वहिनी, आज तुमचं रजिस्टर हाय."

पाठवणारे बिरदेव. नाव माझं, उज्ज्वला. पत्ता मात्र त्या बंद घराचा.

"मग हे हितं कशाला आणलं?"

त्यानं माझ्या दाराला लटकलेल्या गंजक्या कुलपाकडं पाहिलं, मग पाकिटाकडं.

"पत्ता बरोबर हाय, वहिनी. मी त्याच घरी आलोय."