तान्ह्याचे झबले

"झगा बसला का हो पोरीला?" शिवणयंत्राचे चाक थांबवून शिवणकरणीने विचारले.

"अगदी मापात!" आरोग्यताई गाठोडे सोडीत म्हणाली. "घडी घालून ठेवलाय तिच्या आईनं. नवं कापड जपावं लागतं, बाई."

तिचा जीव भांड्यात पडला. टपालवाल्याच्या मुलीचा तो झगा शिवताना तिच्याकडून एक प्रमाद घडला होता. गावातल्या मुलीचे वस्त्र प्रथमच हाती आले, त्या आनंदात नजर शिवणीवरून सरली. सुई बोटात शिरली आणि पांढऱ्या कापडावर रक्त उतरले. धुऊनही मसुरीएवढा तांबूस डाग राहिलाच. तो कुणी पाहिला असता, तर "वेडीचा हात" म्हणून गावाने पुन्हा दारे लावली असती. म्हणून कुणी मागितला नसताना तिने त्यावर एक खिसा बसवला होता.

बाळंतपणानंतर तिचे मन ढासळले. वर्षभर रुग्णालयात राहून ती बरी होऊन परतली, तेव्हा लेक नणंदेच्या घरी पावले टाकू लागली होती. सासूने स्पष्ट बजावले होते, "आमचं बाळ तुझ्या हाती द्यायचं म्हणतेस? गावातलं कुणी आपलं तान्हं तुझ्या हातच्या कपड्यात घालू दे, त्याच दिवशी नातीला घेऊन येते. तोवर नाव काढू नकोस."

गावाची समजूत घालण्याचे कार्य आरोग्यताईने शिरावर घेतले. भर सभेत ती म्हणाली होती, "अंगाला ताप येतो तसा मनालाही येतो. उतरलेल्या तापाला कोण भितं?" साऱ्यांनी हात वर करून शिवणकाम देण्याचे वचन दिले.

"हात वर करायला कुणाच्या बापाचं काय जातं!" सासू पुटपुटली होती.

परंतु काम आले. ने-आण ताईच करी; "मला घरोघर हिंडायचंच असतं, तू कशाला उन्हात येतेस?" प्रथम म्हाताऱ्या मास्तरांचा ऐसपैस सदरा आला, मग सरपंचबाईंचे पोलके, मग तो झगा. कापड दर वेळी तेच पांढरे. दुकानात एकच ठाण आहे, असे ताई सांगे. आधी म्हातारे, मग बायका, आता मुली! गावाचे भय एकेक पायरी उतरत आहे, हे शिवणकरीण मापांवरूनच ओळखी, आणि पुढल्या पायरीची वाट पाही.

आज ताईने गाठोड्यातून हातभर कापड काढले. "सुताराच्या सुनेला मुलगा झालाय. पहिलं झबलं तुझ्याच हातचं हवं म्हणतात."

"किती मऊ आहे हो!"

"धुऊन आणलंय. तान्ह्याच्या अंगाला टोचायला नको."

दाराशी धान्य निवडणाऱ्या सासूचे हात थबकले. "तान्ह्याला? हिच्या हातचं?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, मावशी?"

सासूने सूप बाजूला सारून वहाणा पायात सरकवल्या. "म्हणाले होते. शब्द तो शब्द. संध्याकाळच्या आत पोरीला घेऊन येते." उंबऱ्यावर ती वळली, आणि दोन वर्षांत प्रथमच तिच्या तोंडून हाक आली, "सूनबाई, शिवण आतून नीट दाब हो. कोवळं अंग असतं."

ताईने डोळे पुसले आणि तीही लगबगीने निघाली.

घर शांत झाले. शिवणकरणीने हात स्वच्छ धुतले, खडू घेतला आणि खिडकीतल्या उजेडात ते कापड फळीवर पसरले.

कापडाच्या मधोमध, खिशाच्या आकारात सुईची बारीक भोके पडलेली होती. आणि त्यांच्या आत मसुरीएवढा तांबूस डाग.