सहानंतर

२ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा. ग्रामसभेला हजर मतदार एकशे पंधरा. तीन महिन्यांपूर्वी पांढरकवड्याच्या आयटीआयमधून परतताना प्रणितावर फाट्याजवळ बलात्कार झाला होता. सरपंचांनी ठराव वाचला : मुलींनी संध्याकाळी सहानंतर घराबाहेर राहू नये. प्रणिताची परतीची बस सातला येई. ठराव मंजूर झाला की तिचे शिक्षण संपणार होते. “काहून गेलती एवढ्या दूर, वायरमन व्हाले?” मागून टोमणा आला. प्रणिता उठली. “काका, गुन्हा पोट्ट्यानं केला. सहानंतर पोट्ट्यायलेच घरात ठेवा ना.” “पोट्टे का घरात राह्यतेत, बाई?” असे म्हणत सरपंचांनी हसत ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितले. तिने वडिलांकडे पाहिले. “पोरी, लोकायतच राहाचं हाये आपल्याले,” रोज तिला फाट्यापर्यंत सोडणारे वामनराव पुटपुटले. त्यांचाही हात वर गेला. अठरा वर्षांच्या प्रणिताने आयुष्यातले पहिले मत दिले. बाजूने एकशे चौदा, विरोधात एक.