शामला दिसत नाही

"शामला!" दामोदर पुन्हा ओरडला. हाक पाण्यावरून पलीकडच्या झाडांपर्यंत गेली आणि तिथेच विरली.

आत्ता, अगदी आत्ता ती त्याच्या कयाकच्या पुढे पोहत होती. पाठीवर भिजून जड झालेली लांब वेणी, लयीत उठणारे हात. बदकांची रांग आडवी गेली म्हणून त्याने मान वळवली. परत पाहिलं, तर समोर नुसतं पाणी.

नेदरलँड्समधल्या एनस्खेडे गावाबाहेरचं ते तळं काठाशी उथळ असलं, तरी मध्ये एकदम खोल होतं. सप्टेंबर संपत आलेला, पाण्यात माणसं तुरळक. दामोदरला पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट घालून त्याने वल्हं मारायचं आणि तिने शेजारून पोहायचं, हा लग्नानंतर इथे आल्यापासूनचा त्यांचा रिवाज होता.

एक बाई झपाझप हात मारत त्याच्यापाशी आली. बारीक कापलेले, पिकलेले केस. तिने कयाकची कड धरली.

"अहो, काय झालं?"

मराठी शब्द ऐकून दामोदरला रडूच फुटलं. "माझी बायको बुडाली हो! इथेच होती. तुम्हाला पोहता येतंय ना, खाली बघा ना जरा!"

"घाबरू नका. ती चांगली पोहते."

"तुम्हाला काय ठाऊक ती कशी पोहते!"

बाईने कड सोडली. मग तिने बुडी मारली. बरीच खाली राहिली आणि रिकाम्या हातांनी वर आली.

"कुणी नाही खाली."

"अजून खोल जा!"

ती पुन्हा गेली. पुन्हा वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते.

"थंडी फार आहे हो," ती म्हणाली.

"तिला नसेल वाजत थंडी?" दामोदर किंचाळला. "तुमचं माणूस असतं म्हणजे कळलं असतं!"

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि पाण्याखाली गेली.

तिसऱ्यांदाही ती एकटीच वर आली. दामोदर जॅकेटचे पट्टे सोडायला लागला. तिने त्याचं मनगट घट्ट पकडलं.

"अहो, ऐका माझं. दमून काठावर गेली असेल. आधी तिथे बघू."

"काठावर असेल?"

"असेल."

कयाकच्या टोकाला बांधलेली दोरी एका हाताने ओढत ती पोहू लागली. दामोदर कसंबसं वल्हं मारत होता.

"ती नसेल तर मला घरचा रस्तासुद्धा सापडायचा नाही," तो म्हणाला.

बाई नुसती दोरी ओढत राहिली.

काठावर एक तरुण मुलगी टॉवेल घेऊन धावत आली. दामोदर धडपडत उतरला आणि त्याने तिचा हात धरला.

"इथे कुणी बाहेर आलं का? लांब वेणी आहे तिची."

"मी बघते हं. तुम्ही बसा." तिने त्याला बाकावर बसवलं, जॅकेट काढून खांद्यांवर शाल घातली. तो पाण्याकडे डोळे लावून बसला.

मुलगी वळली, कुडकुडणाऱ्या बाईला टॉवेलात गुंडाळून तिने जवळ घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं,

"आई, आज बाबांनी किती वेळा बुडी मारायला लावली?"