ज्याचं छप्पर फुटलं

शिमेची चाकाची खुर्ची पेरिनाच्या दारात अडकली. पुढची लहान चाकं उंबऱ्याच्या आत आली, मागची मोठी चाकं चौकटीला घासून थांबली. बंदरापासून वरपर्यंतच्या दगडी पायऱ्या चढत चौघांनी ती उचलून आणली होती.

आत टेबलाभोवती माणसं बसली होती. दर गुरुवारी ती शुभवर्तमान वाचायला जमत. चर्चचं सभागृह हिवाळ्यात गारठून जाई, म्हणून बैठक पेरिनाच्या घरी भरे. शेजारच्या मारिताने हातातलं सुकं अंजीर परत बशीत ठेवलं. फादर फ्रानेंनी चष्मा काढला. सगळे पेरिनाकडे बघत होते.

पेरिनाचा एकुलता एक मुलगा निक्शा शिमेच्या गाडीत गेला होता. गावच्या संताचा सण होता. शिमे प्यायला होता, तरी गाडी त्यानेच चालवली. मिठागराजवळच्या वळणावर ती खाली कोसळली. निक्शा जागीच गेला. शिमे वाचला, पण कमरेखालचं अंग कायमचं गेलं. कोर्टाने शिक्षा दिली, तीही भोगून संपली. दफनाच्या दिवशी पेरिना शिमेच्या आईला एवढंच म्हणाली होती, "तुझ्या पोराने माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही." त्यानंतर ती त्यांच्या गल्लीने कधी गेली नाही. पाव आणायलाही वळसा घालून जायची.

"मावशी, आम्ही त्याला नको म्हणालो होतो," चौघांतला दुये धापा टाकत म्हणाला. "ऐकेचना. म्हणाला, तुम्ही नेलं नाहीत तर खुरडत जाईन."

"खुरडत आला असता तर दारातून मावला तरी असता," पेरिना म्हणाली.

फादर उठले. "आपण सगळेच अंगणात बसू या का?"

"या वाऱ्यात? पुस्तकं समुद्रात जातील." ती आपल्या जागेवर बसली. "वाचा, फादर. तो आहे तिथे असू दे."

"मला इथून ऐकू येतं," शिमे म्हणाला.

उघड्या दारातून उत्तरेचा वारा थेट टेबलावर येत होता. फादरांनी पानावर तळहात दाबून धरला आणि वाचायला सुरुवात केली. त्या दिवशीचा भाग मार्कच्या शुभवर्तमानातला होता. कफर्णहूममधलं घर. दारापर्यंत गर्दी. एका पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात. आत शिरता येत नाही, म्हणून वरचं छप्पर उसकटतात आणि त्याची खाट येशूपुढे खाली सोडतात. येशू त्याला लगेच चालायला लावत नाही. आधी म्हणतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.

वाचून झाल्यावर फादर नेहमी एकच प्रश्न विचारत. या गोष्टीत तुम्ही कोण? आज त्यांनी विचारला नाही. पुस्तक मिटायला लागले.

"विचारा की," पेरिना म्हणाली.

त्यांनी विचारला.

"मी गर्दीतली," मारिता म्हणाली. "दार अडवून उभी असलेली."

"आम्ही कोण ते दिसतंच आहे," दुये बाहेरून म्हणाला. एकदोघांना हसू आलं.

"ज्याचं छप्पर फुटलं, ती मी," पेरिना म्हणाली.

हसू थांबलं. फादर म्हणाले, "त्या घरमालकाबद्दल काही लिहिलेलं नाही, पेरिना."

"तेच म्हणते मी. तो माणूस बरा होऊन घरी गेला. आणणारे खूश झाले. मागे घरमालक एकटा वर बघत बसला असेल. फोडू का, असं त्याला कुणी विचारलं होतं? आणि क्षमा करून टाकली, ती कुणी?"

फादरांनी चष्मा पुसला. "मला हे सांगता येत नाही," ते म्हणाले.

"मावशी," दारातून शिमे बोलला. त्याचे ओठ थंडीने निळे पडले होते. "मी पाय मागायला आलो नाही."

"माहीत आहे मला." तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. निक्शाच्याच वयाचा. केस पिकायला लागले होते. "पाय मागायला आला असतास तर बरं झालं असतं. ते माझ्या हातात नव्हतं."

ती उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पहार होती. मारिता अर्धवट उठली. फादरांच्या तोंडातून "पेरिना" एवढंच निघालं. शिमे हलला नाही. त्याने नजरही खाली वळवली नाही.

पेरिनाने पहारेचं टोक चौकट आणि भिंत यांच्यामध्ये घुसवलं आणि सगळा भार टाकून रेटलं. लाकूड करकरलं. चुन्याचे पापुद्रे शिमेच्या केसांवर, खांद्यांवर पडले.

"दुये, बघत काय राहिलास? बाहेरून ओढ."

चौकट निघाली. खुर्ची आत आली. पेरिनाचा हात त्याच्या केसांतला चुना झटकायला पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"क्षमा झाली असं समजू नकोस," ती म्हणाली. "खुर्ची आत आली, एवढंच."

"एवढं पुष्कळ आहे," शिमे म्हणाला.

तिने अंजिरांची बशी त्याच्यासमोर सरकवली. फादरांनी पुढचा भाग वाचला. बैठक नेहमीसारखीच संपली. चौघांनी शिमेला बाहेर नेलं. खुर्ची अंगणात ठेवून दुये परत आला आणि चौकट भिंतीला लावून, वाकलेले खिळे सरळ करू लागला.

"मावशी, हातोडी द्या. एवढ्या थंडीत घर उघडं कसं ठेवणार?"

पेरिना कप विसळत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"राहू दे. घोंगडी टांगते मी. दर गुरुवारी कोण उखडत बसणार?"