मुनीची भुवई

"जागा एकच आहे," नव्या विभागाची मॅनेजर म्हणाली, "आणि ती तुमची आहे, काका."

कानसेन तिच्या ओठांकडे बघत होता. त्याने मान हलवली आणि हसला.

मागे इंजिन विभागात सामसूम होती. पेट्रोलचं शेवटचं इंजिन मंगळवारी बाहेर पडलं होतं. आता इथे विजेच्या गाड्या बनणार होत्या, आणि चारशे माणसांच्या हातात निरोपाची पत्रं पडली होती. यंत्रं उचलून नेली तिथे जमिनीवर निदान चौकोनी डाग तरी राहिले होते. माणसांचं तेवढंही राहिलं नव्हतं.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. इंजिन तपासायच्या काचेच्या खोलीत सव्वीस वर्षं काढल्यावर लोकांनी ते त्याला चिकटवलं होतं. इंजिन स्टँडवर चढायचं. त्याचा जोडीदार मुनी स्टँडवरच्या दांड्याची मूठ ओढून ते रेस करायचा. कानसेन लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ऐकायचा, आणि मग हिरव्या नाहीतर लाल खडूने खूण करायचा. बाकी सगळा कारखाना कानांत बोळे घालून फिरायचा. या दोघांना ती चैन नव्हती. बोळे घालून ऐकणार कसं? त्या गोंगाटात बोलण्याचा प्रश्नच नव्हता, सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालायचा. मुनी तर बाहेरही फारसा बोलत नसे, म्हणूनच तो मुनी.

नव्या गाड्या बिनआवाजाच्या, म्हणूनच त्यांना कान हवा होता. पूर्वी इंजिनाच्या आवाजात खपून जाणारी दाराची किरकिर आता गिऱ्हाइकाला सहन होत नाही, असं मॅनेजर सांगत होती.

"तुमची परीक्षा घ्यायची म्हणजे खरं तर आगाऊपणाच. पण नियम आहे. त्या गाडीत आम्ही एक नट सोडलाय. गाडी रोलरवर चालेल. आत बसून तो कुठे वाजतोय तेवढं सांगा. आमच्या शिपायालासुद्धा सांगता येईल."

नट कुठे आहे ते कानसेनला माहीत होतं. थोड्याच वेळापूर्वी मेकॅनिकला मागच्या डाव्या दाराचं अस्तर उचकटताना त्याने पाहिलं होतं. आत बसायचं, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांनी बोट दाखवायचं. निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं आयती पदरात पडत होती.

आणि ऐकून सांगणं तर त्याला शक्यच नव्हतं. नऊ वर्षांपासून त्याला ऐकू येत नव्हतं. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग मुलीचा आवाज. "कारखान्यात कानसेन आणि घरात ठार बहिरे," बायको खुणा करकरून चिडवायची. पण ऐकण्याचीच नोकरी करणाऱ्याने कानात यंत्र लावून कामावर जायचं म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही.

हे निभावलं ते मुनीमुळे. इंजिनात खोट असली की मुठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या मुनीची डावी भुवई वर जायची. कानसेन सळई कानाला लावून त्या भुवईकडे बघत राहायचा आणि ती हलली की लाल खडू उचलायचा. यावर दोघांत कधी अवाक्षर निघालं नाही. पण हा माणूस आपल्यासाठी ऐकतोय, हे कानसेनला पक्कं ठाऊक होतं.

मुनी आत्ता त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता. काचेच्या खोलीची किल्ली जमा करायला आला होता. निरोपाचं पत्र खिशातून अर्धं बाहेर डोकावत होतं. कानसेनला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"मॅडम," तो म्हणाला, "ही जागा माझी नाही. मला नऊ वर्षं झाली, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. एकेक इंजिन यानेच ऐकलंय. याला घ्या."

मॅनेजरने खिडकीकडे पाहिलं. मुनी मात्र वळला नाही. भला माणूस, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय, कानसेनला वाटलं. तिने दोनदा हाक मारली, मग जवळ जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला आणि गाडीकडे बोट दाखवलं. मुनीने एकदा हातातल्या किल्लीकडे पाहिलं, ती टेबलावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसला.

चाकं रोलरवर फिरू लागली. नट असा खुळखुळला की दारातला शिपाई हसला आणि पलीकडे फरशी पुसणारी बाई हातातलं काम थांबवून बघू लागली.

मुनीने तळहात स्टीअरिंगवर ठेवला. मग समोरच्या फळीवर, मग सीटवर. काचेच्या खोलीत मुठीवर ठेवायचा तसाच, घट्ट दाबून, थरथर शोधत. या गाडीत हाताला लागेल अशी थरथरच नव्हती. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. शिपायाचं हसू मावळलं, मॅनेजरने घड्याळ पाहिलं.

मुनीने हळूच मान वळवून काचेतून कानसेनकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, भुवईकडे.

ती नजर कानसेनने लगेच ओळखली. नऊ वर्षं तो स्वतः तशाच नजरेने मुनीकडे बघत आला होता.

त्याने मागच्या डाव्या दाराकडे पाहिलं आणि भुवई उचलली.